मुंबईतील शाळागृहांचा प्रश्न : जागा, पैसा आणि वेळ

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

शिक्षणाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. अभ्यासक्रम, परीक्षा, माध्यम, शिक्षकांचे वेतन या विषयांवर परिसंवाद होतात, लेख येतात. परंतु ज्या चार भिंतींत हे सर्व घडते त्या भिंती कोणी, कोणत्या जागेवर आणि कोणाच्या पैशाने उभ्या करायच्या, हा प्रश्न सहसा अभियंत्यांवर सोपवून आपण मोकळे होतो. खेड्यात हा प्रश्न तुलनेने सरळ असतो. गावठाणात जागा मिळते, गावकरी श्रमदान करतात, दोन खोल्या उभ्या राहतात. महानगरात मात्र जमिनीचा प्रत्येक तुकडा सोन्याच्या मोलाचा आणि वस्ती सतत हलती. तेथे शाळा बांधणे ही केवळ बांधकामाची बाब राहत नाही. ती नियोजनाची, अर्थकारणाची आणि काही अंशी न्यायाचीही बाब होते.

प्रस्तुत लेखात मुंबई महानगरपालिकेच्या शाळागृहांच्या प्रश्नाचा या अंगाने विचार केला आहे. ‘पैसा नाही’ आणि ‘जागा नाही’ ही दोन कारणे नेहमी पुढे केली जातात. ती खोटी नाहीत. पण अपुरी आहेत. शाळा उभी राहण्यासाठी जागा, पैसा आणि मुले या तीन गोष्टी एकाच वेळी एकाच ठिकाणी याव्या लागतात, आणि या तिन्हींच्या कालगणना भिन्न आहेत. जमिनीचा आराखडा वीस वर्षांचा असतो, अर्थसंकल्प एका वर्षाचा असतो, आणि मूल सहा वर्षांचे एकदाच होते. या तीन कालगणनांचा मेळ न बसणे हे प्रश्नाचे खरे मूळ आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कायद्याने आलेली जबाबदारी

मुंबईत प्राथमिक शिक्षण ही महापालिकेची ऐच्छिक समाजसेवा नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ६१ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत. गटारे, रस्ते, दिवाबत्ती यांच्याच पंगतीत प्राथमिक शाळा चालविणे, त्यांना साहाय्य देणे आणि त्यांच्यासाठी योग्य जागेची सोय करणे हे कर्तव्यही बसविले आहे. जागेचा उल्लेख येथे स्वतंत्रपणे आला आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शिक्षक नेमला की शाळा झाली, असे कायदा मानीत नाही.

पुढे १९२० साली मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९२५ साली एफ व जी या विभागांत, म्हणजे परळ, दादर, माटुंगा, माहीम, वरळी या कामगारवस्तीच्या भागांत, सक्तीच्या व मोफत शिक्षणास प्रारंभ झाला. सक्ती करायची तर वर्ग हवेत, वर्ग हवेत तर खोल्या हव्यात. जुन्या मुंबईत पालिकेने ही गरज स्वतःच्या इमारतींबरोबर भाड्याच्या जागांतूनही भागविली. चाळीतील एखादा मजला घेऊन तेथे शाळा भरविणे ही सर्वपरिचित पद्धत होती. तातडीची गरज त्यामुळे भागली, पण मैदान, प्रकाश, स्वच्छतागृहे हे प्रश्न पुढच्या पिढीकडे ढकलले गेले.

स्वातंत्र्यानंतर शहराची हद्दच बदलली. १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली उपनगरे महापालिकेत आली. दुसऱ्या विस्ताराने हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. १९५१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या क्षेत्रात सुमारे ३० लाख माणसे होती. १९७१ साली ती सुमारे ६० लाख झाली. वीस वर्षांत दुप्पट! या वेगाने वाढणाऱ्या नगरात शाळा मागे पडल्या, यात नवल ते काय?

अगदी अलीकडचा टप्पा म्हणजे २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत शाळागृहाचे मोजमाप दिले आहे : प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकघर, अपंग मुलांना अडथळ्याविना प्रवेश, क्रीडांगण आणि कुंपण. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे अंतरही ठरवून दिले आहे. शाळा कशी असावी आणि किती दूर असावी हे दोन्ही कायद्याने सांगितले. ती अधिनियम अमलात आल्यापासून तीन वर्षांत उभी राहावी, अशी मुदतही त्याच कायद्याने घातली. ती पाळणे मात्र प्रत्यक्ष कारभारावर राहिले.

किती खोल्या लागतात?

प्रश्नाचा आकार समजण्यासाठी एक साधा हिशेब मांडू. यातील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

समजा, पन्नास हजार वस्तीचे एक नवे नगर उभे राहिले. त्यात प्रत्येक वयाची मुले लोकसंख्येच्या दीड टक्का धरली, तर एका इयत्तेस ७५० मुले होतात. पहिली ते आठवी मिळून ६,००० झाली. त्यांपैकी निम्मी खासगी शाळांत जातील असे मानले तरी ३,००० मुले महापालिकेच्या वाट्याला आली. चाळीस मुलांची एक तुकडी धरल्यास ७५ तुकड्या, म्हणजे ७५ वर्गखोल्या लागतील.

एक खोली ५०० चौरस फुटांची धरू. नुसत्या खोल्यांचे क्षेत्र ३७,५०० चौरस फूट झाले. व्हरांडे, जिने, स्वच्छतागृहे, कार्यालय, स्वयंपाकघर यांसाठी आणखी निम्मे धरले तर सुमारे ५६,००० चौरस फूट बांधकाम लागेल. तळमजला आणि वर चार मजले बांधले, तर इमारतीखाली सव्वाअकरा हजार चौरस फूट जमीन जाईल. तिच्या दुप्पट जागा मैदानासाठी ठेवली की एकूण भूखंड पाऊण एकराहून थोडा मोठा झाला. पन्नास हजार माणसांच्या नगराला पाऊण एकर ही काही राक्षसी मागणी नाही. पण हा पाऊण एकर घरे उठण्यापूर्वी राखून ठेवावा लागतो. नंतर तो सापडत नाही.

हा हिशेब एका पळवाटेने निम्म्यावर आणता येतो. ती पळवाट म्हणजे दुबार अधिवेशन. सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. ७५ ऐवजी ३८ खोल्यांत काम भागते. कायदाही आड येत नाही, कारण पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास अध्यापन सांगितले आहे, म्हणजे दिवसाला चार तास. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास, म्हणजे दिवसाला साडेचार तासांहून थोडे अधिक. कागदावर सर्व जुळते. परंतु दुपारची मुले दाराशी उभी असताना सकाळच्या मुलाला ग्रंथालयात बसता येत नाही, मैदानावर थांबता येत नाही, आणि अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला तास संपल्यावर शिक्षकाजवळ रेंगाळता येत नाही. ज्याच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही त्याच मुलाला शाळेतील कोपराही दुबार पद्धत नाकारते. म्हणून तिला काटकसर म्हणण्यापेक्षा बांधकामाचा खर्च मुलांच्या वेळेतून वसूल करणे म्हटल्यास वावगे ठरू नये.

मुंबईपुरती आणखी एक गुंतागुंत आहे. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शिक्षण देत आली आहे. ही या शहराची थोर परंपरा होय. परंतु नियोजनकाराच्या दृष्टीने पाहा. एका वस्तीत पहिलीच्या वयाची ४४ मुले असतील आणि ती एकाच माध्यमाची असतील, तर एक मोठी तुकडी पुरते. त्यांत २० मराठी, १२ हिंदी, ८ उर्दू आणि ४ तमिळ असतील तर चार खोल्या आणि चार शिक्षक लागतात. नाही तर त्या चार तमिळ मुलांना दूरच्या शाळेत धाडावे लागते. त्यामुळे ‘या विभागात मुले किती’ एवढेच विचारून भागत नाही. ‘कोणत्या माध्यमाची किती’ आणि ‘पाच वर्षांनी पालक कोणते माध्यम मागतील’ हेही विचारावे लागते. गेल्या काही दशकांत पालकांचा कल इंग्रजीकडे झुकला आहे. त्यामुळे एकाच इमारतीत एका माध्यमाच्या खोल्या ओस आणि दुसऱ्या माध्यमाच्या दाटीवाटीच्या, असे दृश्य संभवते.

नकाशावरील शाळा

आता जमिनीकडे वळू. मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६४ साली तयार झाला आणि १९६७ पर्यंत मंजूर झाला. दुसरा आराखडा १९८१ ते २००१ या काळासाठी होता; त्याची मंजुरी मात्र १९९० नंतरच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने आली. म्हणजे वीस वर्षांच्या योजनेची जवळजवळ अर्धी वर्षे मंजुरीतच गेली. तिसरा आराखडा २०१४ ते २०३४ या काळासाठी असून तो २०१८ साली मंजूर झाला.

या आराखड्यांत भूखंडांवर आरक्षणे टाकली जातात : बाग, दवाखाना, मंडई, शाळा. सर्वसाधारण नागरिकाचा समज असा की नकाशावर शाळा दाखविली म्हणजे शाळा होणार. वस्तुस्थिती वेगळी आहे. आरक्षण म्हणजे शाळा नव्हे. येथे दुसरे काही करू नये, एवढाच तो मनाई हुकूम असतो. जमीन खासगी मालकाची असेल तर ती आधी पालिकेच्या ताब्यात यावी लागते. पहिल्या दोन्ही आराखड्यांतील आरक्षणांचा मोठा भाग या पायरीवरच अडला.

जमीन ताब्यात घेण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला मार्ग म्हणजे भूसंपादन करून मोबदला देणे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात बाजारभावाएवढी रक्कम आणि तिच्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे ढोबळमानाने दुप्पट किंमत. मुंबईच्या भावाने हे गणित कोणत्याही अर्थसंकल्पाला झेपणे अवघड. दुसरा मार्ग १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणला : मालकाला रोख रकमेऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क द्यायचा, आणि तो त्याने दुसरीकडे बांधकामासाठी वापरायचा किंवा विकायचा. तिसरा मार्गही त्याच नियमावलीतला : मालकाने भूखंडाच्या काही भागावर सार्वजनिक सोय स्वतः बांधून पालिकेला द्यायची, आणि त्या बदल्यात उरलेल्या जागेवर पूर्ण चटई क्षेत्राचा लाभ घ्यायचा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गात पालिकेच्या तिजोरीतून रोख पैसा जात नाही, हा त्यांचा मोठा गुण. पण शाळा केव्हा मिळणार, हे जमीनमालकाच्या आणि घरबाजाराच्या सोयीवर ठरते, हा त्यांचा तेवढाच मोठा दोष. घरांना भाव असेल तेव्हा इमारत उठते, मंदी आली की काम थांबते. बाजाराची तेजी-मंदी आणि मुलांचे वय यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

येथे आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. २०३४ च्या आराखड्यात ‘महापालिका शाळा’ आणि ‘प्राथमिक व माध्यमिक शाळा’ अशी दोन वेगळी आरक्षणे आहेत. दुसऱ्या प्रकारच्या भूखंडावर होणारी शाळा खासगी संस्थेचीही असू शकते. नकाशावरील शाळांची नुसती संख्या मोजून मोफत शिक्षणाची सोय किती झाली, हे कळत नाही ते यामुळेच.

आणि आता वेळेचा मुद्दा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ अन्वये आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती, पुढे ती वाढविण्यात आली. गिरनार ट्रेडर्स खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, नुसते ठराव आणि पत्रव्यवहार म्हणजे पावले उचलणे नव्हे. संपादनाची खरी कारवाई व्हावी लागते. मालकाच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्यच आहे. एखाद्याची जमीन आयुष्यभर अडकवून ठेवायची आणि मोबदलाही द्यायचा नाही, हे कसे चालेल?

पण मुलाच्या बाजूने पाहा. आराखडा अमलात आला त्या वर्षी जे मूल पहिलीत गेले, ते दहा वर्षांनी दहावीची परीक्षा देऊन शाळेबाहेर पडते. म्हणजे कायद्याने पालिकेला दिलेली पहिली मुदत संपते तेव्हा त्या मुलाचे शालेय जीवनही संपलेले असते. आरक्षण टिकले काय किंवा रद्द झाले काय, त्या मुलापुरता निकाल लागून गेलेला असतो.

पैसा कोठून येतो?

महापालिकेच्या शिक्षणखात्याचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जातो. त्यास ‘ई’ अर्थसंकल्प म्हणतात. त्यात पालिकेच्या सर्वसाधारण निधीतून येणारी रक्कम, राज्य शासनाचे अनुदान आणि करांचा वाटा असतो. मुंबईच्या मालमत्ता कराचे देयक पाहिले तर त्यात सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, मलनिःसारण कर, वृक्ष उपकर यांबरोबर ‘महापालिका शिक्षण उपकर’ आणि ‘राज्य शिक्षण उपकर’ अशा दोन वेगळ्या ओळी आढळतात. राज्याचा उपकर १९६२ च्या कायद्याने आला. तो पालिका गोळा करते आणि शासनाकडे भरते. म्हणजे मुंबईकर शिक्षणासाठी एकाच देयकात दोनदा पैसे देतो. एवढे ठाऊक असलेले नागरिक किती निघतील?

परंतु कर गोळा होणे आणि शाळा बांधली जाणे यांत मोठे अंतर आहे. शिक्षणावरील खर्चाचा मोठा भाग वेतन व निवृत्तिवेतन यांवर जातो, आणि ते अपरिहार्य आहे. उरलेल्यातून पुस्तके, गणवेश, दुरुस्ती आणि सर्वांत शेवटी नवे बांधकाम. अर्थशास्त्राच्या भाषेत पहिला महसुली खर्च आणि शेवटचा भांडवली खर्च. टंचाईच्या वर्षी कात्री भांडवली खर्चावर चालते, कारण न बांधलेली शाळा मोर्चा काढीत नाही.

अर्थसंकल्पाची मुदत एक वर्षाची, हीही एक अडचण आहे. शाळेची इमारत म्हणजे नकाशे, अंदाजपत्रक, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कंत्राट आणि मग प्रत्यक्ष काम. हे एका वर्षात आटोपत नाही. ३१ मार्चपर्यंत न खर्चलेली तरतूद पुढल्या वर्षी पुन्हा मागावी लागते. कागदावर दरवर्षी मोठी तरतूद, प्रत्यक्षात खर्च कमी, आणि त्या कमी खर्चाचाच आधार घेऊन पुढील वर्षी कपात, असे हे चक्र फिरते.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. पाणी आणताना या शहराने असा संकोच केला नाही. भातसा धरणाचे पाणी मुंबईला आणण्याच्या योजनेसाठी १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या कुटुंबातील संस्थेचे कर्ज घेतले गेले. कारण उघड आहे : जलवाहिनी पन्नास वर्षे चालते, तेव्हा तिचा भार पन्नास वर्षांच्या करदात्यांवर विभागणे न्याय्य ठरते. शाळेची इमारतही तितकीच टिकते. कर्ज उभारण्याचा अधिकार पालिकेला १८८८ च्या अधिनियमानेच दिला आहे. मग पाण्यासाठी जो विचार केला तो शाळेसाठी का करू नये?

मुले थांबत नाहीत

तिसरी कालगणना मुलांची, आणि ती सर्वांत निष्ठुर. १९७१ च्या जनगणनेत मुंबई बेटावर सुमारे ३०.७ लाख लोक होते. २०११ साली तेथे सुमारे ३०.९ लाख होते. चाळीस वर्षांत जवळजवळ वाढच नाही. त्याच काळात उपनगरे २९ लाखांवरून ९३ लाखांच्या पुढे गेली. शाळांच्या जुन्या इमारती बेटावर, आणि मुले अंधेरी, कुर्ला, गोवंडी, मालाड, दहिसरकडे! १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावाची वस्ती विस्कटली. कामगारांची कुटुंबे उपनगरांत आणि त्यापलीकडे गेली. एके काळी गजबजलेल्या शाळांचा पट घसरला. इमारत मात्र पाठीवर घेऊन जाता येत नाही.

दुसऱ्या टोकाला पुनर्वसनाच्या वसाहती आहेत. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात रेल्वेरुळांलगतची व रस्त्यांच्या कडेची सुमारे एक लाख माणसे हलविण्यात आली. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, चेंबूरजवळचा वाशी नाका अशा ठिकाणी सात-सात मजली इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. अशा स्थलांतरात घराची किल्ली एका दिवसात हाती येते. शाळा, दवाखाना, बसमार्ग मागाहून येतात. मधल्या काळात मूल एक तर जुन्या शाळेपर्यंत रोज लांबचा प्रवास करते, नाही तर घरी बसते. घरी बसलेल्यांत मुली अधिक असतील, हे सांगण्यास शिक्षणतज्ज्ञ नको.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. महापालिकेच्या शाळांची पटसंख्या उतरत आहे, मग नव्या इमारती कशाला? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण एकूण बेरीज उतरते म्हणजे प्रत्येक विभागातील गरज उतरते, असे नव्हे. बेटावरील रिकामा बाक गोवंडीच्या मुलाला उपयोगी पडत नाही. शिवाय पट उतरण्याचे एक कारण इमारतच असू शकते. २०२० नंतर महापालिकेने केंद्रीय व अन्य मंडळांच्या अभ्यासक्रमाच्या शाळा काढल्या, तेव्हा जागांपेक्षा अर्ज अधिक आले आणि सोडत काढावी लागली. पालकांनी पाठ फिरवली ती सार्वजनिक शाळेकडे की अपुऱ्या सोयींकडे, हे त्यावरून थोडेसे उमगते.

दुसऱ्या एका महानगराचा अनुभव

हा पेच केवळ आपलाच आहे असे नाही. जागेची टंचाई, बहुभाषिक वस्ती आणि सतत हलणारी लोकसंख्या या तिन्ही बाबतींत मुंबईशी तुलना करता येईल असे शहर म्हणजे न्यूयॉर्क. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे युरोपातून स्थलांतरितांचे लोंढे येत होते. १८९१ ते १९२२ या काळात शाळागृहांचे प्रमुख असलेल्या सी. बी. जे. स्नायडर यांनी दाटीच्या गल्ल्यांमधील अरुंद भूखंडांसाठी इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराची इमारत योजली. दोन बाजूंना वर्ग, मध्ये जोडणारी पट्टी, आणि पुढेमागे दोन अंगणे. त्यामुळे शेजारच्या भिंती चिकटून असल्या तरी वर्गांत उजेड आणि वारा येई. महागडी कोपऱ्याची जागा न घेता गल्लीच्या पोटातील स्वस्त जागा वापरता आली. जागा कमी असली तरी विचार कमी असू नये, हा त्यातील धडा.

पण त्याच शहराने दुसरा धडाही दिला. १९७५ साली न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले. शाळांचे बांधकाम आणि देखभाल यांवर कात्री चालली. त्या वर्षांत पैसा वाचला खरा. परंतु गळकी छपरे आणि कोंदट वर्ग यांच्या रूपाने त्याचे व्याज पुढील पिढीने भरले. अखेर १९८८ साली न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने शाळाबांधणीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. हे प्राधिकरण पाच वर्षांचा भांडवली आराखडा करते. जन्माचे आकडे, नव्या घरांची बांधणी आणि मुलांची एका इयत्तेतून दुसरीत जाण्याची प्रमाणे पाहून पुढील पटसंख्येचा अंदाज बांधला जातो. तो विभागवार प्रसिद्ध होतो, आणि आराखड्यात दरवर्षी दुरुस्ती केली जाते. पैसा मुख्यतः दीर्घ मुदतीच्या कर्जरोख्यांतून उभा राहतो, आणि राज्याचे साहाय्य ती परतफेड हलकी करते.

हे वर्णन वाचून तेथे सर्व आलबेल आहे, असे कोणी समजू नये. तेथेही दाटी राहिली. शाळेच्या अंगणात ठेवलेल्या तात्पुरत्या खोल्या वर्षानुवर्षे हलल्या नाहीत. खर्चावर आणि दिरंगाईवर टीका झाली. ‘तात्पुरते’ या शब्दाचे आयुष्य सर्व देशांत दीर्घच दिसते! परंतु एक फरक महत्त्वाचा. तेथील पालक आपल्या विभागाच्या आराखड्यावर बोट ठेवून विचारू शकतो : येथे इतक्या बाकांची तूट तुम्हीच दाखविली आहे, ती कोणत्या वर्षी भरणार? प्रश्न विचारण्यासाठी लागणारा कागद त्याच्या हाती असतो.

मेळ कसा बसेल?

आपल्याकडे स्वतंत्र प्राधिकरण असावे की नसावे, हा वादाचा विषय आहे. महापालिकेच्या मूळ कर्तव्याचा एकेक तुकडा तोडून नवनव्या मंडळांना द्यावा, हे सर्वांनाच पटणार नाही. पण तीन कालगणनांचा मेळ बसविण्यासाठी नवे मंडळ लागतेच असे नाही. पुढील चार गोष्टी विचारार्थ मांडाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, वीस वर्षांचा आराखडा आणि एका वर्षाचा अर्थसंकल्प यांच्यामध्ये पाच वर्षांचा पूल हवा. प्रत्येक विभागात, प्रत्येक माध्यमाची किती मुले येतील, त्यांच्यासाठी कोणत्या आरक्षित भूखंडावर, कोणत्या वर्षी, किती खोल्या होतील, हे त्यात लिहिलेले असावे. आणि दरवर्षी ते तपासून प्रसिद्ध करावे. ज्या आरक्षणापुढे तारीख नाही ते आरक्षण आशीर्वादासारखे असते. ऐकायला बरे, पण वठवता न येणारे.

दुसरी गोष्ट, इमारतींसाठीचा पैसा वार्षिक बचतीतून न काढता दीर्घ मुदतीच्या कर्जातून किंवा न लॅप्स होणाऱ्या स्वतंत्र निधीतून यावा. वेतनाशी बांधकामाची झुंज लावली तर बांधकाम हरणारच.

तिसरी गोष्ट, जेथे बांधकाम करणाऱ्याने शाळा बांधून द्यायची आहे, किंवा जेथे पुनर्वसनाची वसाहत होत आहे, तेथे शाळेची इमारत ताब्यात आल्याशिवाय घरांना भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये. पाण्याची जोडणी नसलेल्या इमारतीत आपण माणसे राहायला पाठवीत नाही. शाळेचाही विचार त्याच पायरीवर व्हावा.

चौथी गोष्ट जुन्या शाळांची. बेटावरील ज्या शाळांचा पट उतरला आहे त्यांच्या जागा घाईने दुसऱ्या कामाला देऊ नयेत. बी.डी.डी. चाळी आणि गिरण्यांच्या जमिनी यांवर नव्या उंच इमारती होत आहेत. मुले जशी गेली तशी परतही येऊ शकतात. एकदा गेलेला शाळेचा भूखंड मात्र परत येत नाही. तोवर त्या खोल्यांत बालवाडी, अभ्यासिका, ग्रंथालय चालविता येईल.

या सर्वांना पैसा लागेल, आणि तो सोपा नाही, हे मान्य. परंतु ज्या शहरात शिक्षण उपकर आज दोन ओळींत आकारला जातो, त्या शहरातील नागरिकाला आपल्या विभागात कोणती शाळा कोणत्या वर्षी होणार, एवढे विचारण्याचा हक्क निश्चितच आहे. तो हक्क बजावणे आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही अवघड नाही. आपल्या प्रभागाचा विकास आराखडा पाहावा, त्यातील शाळेची आरक्षणे शोधावीत, आणि त्या जागी आज काय उभे आहे ते प्रत्यक्ष जाऊन पाहून यावे. अर्थशास्त्राच्या एखाद्या प्रकल्पासाठी याहून उपयुक्त विषय क्वचितच मिळेल.

आराखडा चुकला तर तो पुन्हा करता येतो. अर्थसंकल्प कोलमडला तर पुढील वर्षी सावरता येतो. पहिलीच्या वर्गाचे वय मात्र पुन्हा येत नाही. म्हणून तीन कालगणनांपैकी कोणती प्रमाण मानून बाकीच्या दोन तिच्याशी जुळवायच्या, याचे उत्तर शोधण्यास फार विद्वत्ता नको. शहराचे घड्याळ मुलांच्या घड्याळाशी लावले पाहिजे.